सासूबाईंची डुलकी आणि पिल्लांचे पाय

"मशीन मी घरी नेतो, बाई," एवढंच चकाचकराव म्हणाले.

त्यांना हे बोलायला कुणीही सांगितलं नव्हतं. मालकीणबाई आपल्या हॅचरीच्या, म्हणजे अंडी उबवण्याच्या कारखान्याच्या, आवारात उभ्या राहून कोंबड्यांच्या डॉक्टरांशी बोलत होत्या, चकाचकराव शेजारी क्रेट धुवत होते, आणि धुता धुता त्यांची जीभ घसरली. जिभेची ही घसरण पुढे कुठवर जाणार आहे हे तेव्हा कळलं असतं, तर त्यांनी हातातला ब्रश तोंडात धरून ठेवला असता.

चकाचकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. हॅचरीच्या सफाई विभागाचे ते प्रमुख. पिल्लं पोचवून परत आलेले क्रेट धुणं, ट्रे धुणं, फरशा पुसणं, सगळं त्यांच्या हाताखाली. चमक नसलेली वस्तू त्यांना बघवत नसे. हॅचरीच्या व्हरांड्याची फरशी त्यांनी अशी काही घासली होती, की कॅशियरला आपलं टक्कल मागे कुठवर पोचलंय हे पहिल्यांदा त्या फरशीतच दिसलं. (कॅशियर त्यानंतर बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हता.) तेव्हापासून सगळे त्यांना चकाचकराव म्हणू लागले, आणि त्यांनाही ते मनापासून आवडलं. खिशात पेन नसलं तरी चालेल, पण पॉलिशचं फडकं हवंच, असा माणूस.

तर गोष्ट होती मालकीणबाईंच्या कोंबडीची. हॅचरीत लाखांनी पिल्लं निघत असली तरी बाईंच्या परसात एक कोंबडा आणि एकच कोंबडी होती, आणि बाईंचा सगळा जीव तिच्यात. सगळे तिला म्हातारी म्हणत. म्हातारी आता थकली होती. या वेळची अंडी बहुधा तिची शेवटचीच, आणि त्यांच्यावर बसायचं सोडून ती दिवसभर उन्हात डोळे मिटून पडून राहत होती.

"मोठ्या मशीनमध्ये घालून टाका," डॉक्टर म्हणाले.

"त्या हजारोंच्या गर्दीत माझी पिल्लं मी ओळखायची कशी?" बाई म्हणाल्या. "एखादं लहान मशीन नाही का?"

होतं. स्टोअरमध्ये एक जुनं, पेटीएवढं मशीन धूळ खात पडलं होतं. पण त्याच्याकडे तीन आठवडे लक्ष कोण देणार? मशीनरूमचा प्रमुख नोकरी सोडून गावी गेलेला, त्याची खुर्ची रिकामी. आणि नेमकी त्या खुर्चीवर चकाचकरावांची नजर. उभं आयुष्य दुसऱ्यांची पिल्लं ज्यातून गेली ते क्रेट धुण्यात गेलं. एकदा तरी पिल्लू आपल्या हातून जन्माला यावं, असं त्यांना फार वाटे. म्हणून ते बोलून गेले.

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "न्या," त्या म्हणाल्या. "माझी पिल्लं स्वतःच्या पायांवर उभी राहिली, तर मशीनरूम तुमची. नाही राहिली, तर क्रेट आहेतच."

स्वतःच्या पायांवर हे बाईंनी उगीच म्हटलं नव्हतं. हॅचरीत पिल्लाची पारख पायांवरून होते. डॉक्टर पिल्लू उचलून उताणं ठेवतात. टुणकन उलटून उभं राहिलं तर पास. पाय झाडत पडून राहिलं तर ते बाजूला काढतात. ज्याला उभं राहता येत नाही त्याला पाण्यापर्यंत, दाण्यापर्यंत जाता येत नाही, आणि ते जगत नाही. ही बाजूला काढलेली पिल्लं घेऊन जाणारी टोपली धुवायचं कामही चकाचकरावांकडेच होतं. ती टोपली मात्र ते कधीच चमकवत नसत. नुसती धुऊन पालथी घालत.

मशीन घरी आलं तेव्हा पहिला प्रश्न जागेचा. घर इनमीन दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत बायकोचं पाळणाघर. सकाळी आईबाप आपापली पोरं सोडून कामावर जात, आणि संध्याकाळपर्यंत ती खोली रांगणाऱ्या, धडपडणाऱ्या, रडून झोपणाऱ्या पोरांची असे. जमिनीवर खरखरीत रबरी मॅट अंथरलेल्या. त्या खोलीत पॉलिशचा डबा न्यायची चकाचकरावांना सक्त मनाई होती. एकदा बायको माहेरी गेली असताना त्यांनी मॅट गुंडाळून तिथली फरशी आरशासारखी केली होती. दुसऱ्या दिवशी पोरं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोटावर घसरत गेली. पोरांना ते एवढं आवडलं, की घरी जायला तयार होईनात. आयांना आवडलं नाही.

राहिली मागची खोली. तिथे सध्या सासूबाई होत्या. गुडघ्यांवर उपचार घ्यायला म्हणून लेकीकडे आल्या होत्या, गुडघे बरे होऊनही बरेच दिवस झाले होते. मशीन त्यांच्या पलंगाशेजारी, पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवलं गेलं.

"हे असंच घरघरत राहणार?" सासूबाईंनी विचारलं.

"मशीन आहे, आई. घरघरणारच."

"आमच्याकडे एक गिरणी होती, तीसुद्धा दुपारी बंद असायची."

चकाचकरावांनी तिकडे कानाडोळा केला आणि घरच्यांना समोर बसवून नियम सांगितले. बटणाला कुणी हात लावायचा नाही. झाकण उघडायचं नाही. मशीनवर शाल, टॉवेल, पोरांची लंगोटी वगैरे काहीही वाळत घालायचं नाही. मग त्यांनी बैठक मारून कारणंही समजावली. वर्षानुवर्षं डॉक्टरांच्या आसपास फरशी पुसून पुसून त्यांना हा विषय चांगलाच पाठ झाला होता.

"पिल्लाचे पाय अंड्यातच घडतात," ते म्हणाले. "शेवटी शेवटी जरा जरी जास्त उष्णता झाली, तर हाडं नीट भरत नाहीत. पिल्लू घाईने बाहेर येतं आणि पाय लटपटतात. हवा कोरडी पडली तर आतल्या आतच चिकटतं, बाहेर पडताना ओढाताण होते. गुडघे लाल होतात. सगळा खेळ उष्णतेचा आणि ओलाव्याचा!"

"मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात," बायको म्हणाली. "हे तर पाळण्याच्याही आधीचं निघालं."

"आणि गुडघे लाल झाले तर चोळायला काय लावतात?" सासूबाईंनी आस्थेने विचारलं. (त्यांना फक्त गुडघ्यांचंच वाक्य ऐकू आलं होतं.)

दिवस जाऊ लागले. चकाचकराव सकाळी कामावर जाण्याआधी मशीनचा काटा बघत, अंडी हलक्या हाताने फिरवत, आणि अर्थातच पुसत. अंडी नव्हे, मशीन. बाहेरून पुसत, काच पुसत, आणि आतली पाण्याची वाटीही पुसत, कारण त्या वाटीत पाण्याचे डाग पडत. डाग पडलेली वाटी त्यांच्या डोळ्यांना खुपायची. ती लख्ख कोरडी करून, परत जागेवर ठेवून ते निघत. रोज संध्याकाळी घरी येऊन बघावं तर वाटीत पुन्हा पाणी! मशीन स्वतःच हवेतून ओलावा ओढतंय, अशी त्यांनी आपली समजूत करून घेतली. जुन्या मशीनची कमाल आहे, असं कॅशियरला सांगूनही टाकलं.

काटाही सकाळ-संध्याकाळ कसा अगदी जागच्या जागी. चकाचकरावांची छाती फुगत चालली. हॅचरीत ते आता चालताना किंचित मागे झुकून चालू लागले. क्रेट धुणाऱ्यांना ते सांगत, "मशीनशी नातं जोडावं लागतं. मशीनला माणूस कळतो."

पिल्लं फुटायला दोन-तीन दिवस उरले, तेव्हा अंडी फिरवणं थांबवून खालच्या ट्रेमध्ये निजवायची वेळ आली. या ट्रेमध्ये एक खरबरीत जाळी होती. जुनी, मळकट, काळपट पडलेली. चकाचकरावांनी ती बाहेर काढली, दोन बोटांत धरून उजेडात पाहिली, आणि त्यांचं मन कळवळलं. जगात पहिल्यांदा डोळे उघडल्यावर त्या जिवांनी हे बघायचं?

त्यांनी जाळी मोरीत भिजत टाकली आणि त्याच मापाचा स्टीलचा पत्रा आणून ट्रेमध्ये बसवला. पत्रा साधा नव्हे. आधी साबणाने, मग राखेने, मग खिशातल्या फडक्याने घासघासून त्यांनी त्याला असा आणला, की अंडी ठेवल्यावर प्रत्येक अंड्याखाली दुसरं अंडं दिसू लागलं.

"बघ," ते बायकोला अभिमानाने म्हणाले. "अंडी दुप्पट झाली."

"मग बाईंना पिल्लंही दुप्पट देणार का?" बायको म्हणाली आणि रडणारं पोर कडेवर घेऊन निघून गेली.

अंडी फुटली ती सकाळी. आतून टोचे बसल्याचा बारीक आवाज, मग तडा, मग ओलं, मरगळलेलं डोकं. चकाचकरावांनी त्या दिवशी रजा टाकली होती. ते मशीनच्या काचेला नाक लावून बसले होते. पहिलं पिल्लू पूर्ण बाहेर आलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. (काचेवर थेंब पडले, ते त्यांनी लगेच पुसले.) पाळणाघरातली पोरं दारात रांगत आली होती. सासूबाई पलंगावरून मान उंचावून बघत होत्या. बायको तर चुलीवरचं दूध विसरली.

एकेक करून सगळी अंडी फुटली. पिल्लं वाळली, फुगली, पिवळीधमक झाली. चकाचकरावांनी झाकण उघडलं आणि त्यांचं हसू ओठांवरच थिजलं.

एकही पिल्लू उभं नव्हतं. सगळी पोटावर पडलेली, एक पाय या दिशेला, दुसरा त्या दिशेला. एखादं अंग आवरून उठायला बघे, की दोन्ही पाय बाजूंना सरकत आणि ते पुन्हा पोटावर आदळे. चकाचकरावांनी एकाला हळूच उताणं ठेवून पाहिलं. ते पाय झाडत तसंच पडून राहिलं. त्यांना ती पालथी घातलेली टोपली आठवली.

"उष्णता!" ते ओरडले. "कुणीतरी बटणाला हात लावलाय! खरं सांगा!"

मागच्या खोलीत न्यायालय बसलं. न्यायाधीश स्वतः चकाचकराव. आरोपी दोन, आणि पुराव्याची गरज नव्हती, कारण सासूबाईंची मान आधीच खाली गेली होती.

"जावईबापू," त्या पुटपुटल्या, "मी लावलाय."

"कधी?"

"रोजच."

"रोज!"

"दुपारी जरा डोळा लागायची वेळ झाली की ही घरघर सुरू. नुसतं कानात भुंगा. मग मी आपली बंद करायचे. पोरंही निवांत झोपायची. उठले की चालू करायचं विसरायचे."

"मी चालू करायचे," बायको म्हणाली. "संध्याकाळी चहा घेऊन आले की बंद दिसायचं. मला वाटायचं, वीज जाऊन आली असेल. आणि अहो, एक सांगू? रागावू नका."

"आता काय राहिलंय रागवायचं!"

"ती वाटी. रोज कोरडी ठणठणीत असायची. मला आपलं वाटायचं, बिचारी अंडी, आत तहान लागत असेल. मग मी पाणी घालायचे. रोज."

चकाचकरावांनी दोन्ही हात कपाळाला लावले. घरातल्या घरात एवढं कारस्थान! सासू ऊब तोडते, बायको पूर आणते, आणि आपण मात्र बाहेर मशीनला माणूस कळतो म्हणून व्याख्यानं देतोय. "मेली माझी पिल्लं," ते म्हणाले. "बाईंना काय तोंड दाखवू? म्हातारीची शेवटची पिल्लं होती हो!"

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पदराने ते टिपलं. बायको लहान मुलासारखं रडणाऱ्या नवऱ्याकडे एकटक बघत राहिली, आणि मग नवऱ्याच्या मागे बघू लागली.

मागे ठुमकी होती. ठुमकी म्हणजे पाळणाघरातली एक मुलगी, जिला चालता येऊ लागून फार दिवस झाले नव्हते. न्यायालय चालू असताना तिने उघड्या झाकणातून एक पिल्लू उचललं होतं आणि ओंजळीत धरून, स्वतः डुलत डुलत, ती पुढच्या खोलीकडे निघाली होती.

"अगं, अगं, हळू!" बायको धावली.

तोवर ठुमकीने पिल्लू रबरी मॅटवर ठेवलं. आणि पिल्लू उभं राहिलं.

नीट नव्हे. लटपटत, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलंडत. पण पाय पोटाखाली घेऊन, बोटं त्या खरखरीत रबरात रोवून, ते उभं राहिलं आणि चिवचिवलं. ठुमकीने टाळ्या वाजवल्या आणि त्या भरात स्वतःच मागे बसली.

बायकोने पिल्लू उचलून पुन्हा ट्रेमध्ये ठेवलं. पाय दोन्हीकडे सरकले. मॅटवर ठेवलं. उभं. तिने ट्रेमध्ये वाकून पाहिलं. तिथे तिचंच तोंड तिला स्वच्छ दिसत होतं.

"अहो," ती फार शांतपणे म्हणाली, "हा ट्रे एवढा चमकतोय कसा?"

चकाचकरावांच्या पायाखालची जमीन सरकली. मोरीत भिजत घातलेली जाळी त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. पिल्लांनी डोळे उघडले, पहिलं पाऊल टाकलं, आणि ते पाऊल आरशावर पडलं. दुसरंही. तिसरंही. सकाळपासून ती बिचारी घसरून घसरून पाय फाकवत राहिली होती, आणि आपण न्यायाधीश होऊन बसलो होतो. यालाच म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा, हे त्यांचं त्यांनाच कळलं.

त्याच वेळी दारावर थाप पडली. मालकीणबाई आल्या होत्या, सोबत डॉक्टर.

"झाली का माझी पिल्लं?" बाईंनी दारातूनच विचारलं.

"झाली," चकाचकराव मशीनला पाठ लावून उभे राहिले. "झोपलीत."

"सगळी?"

"हो. थकून."

बाईंनी त्यांच्या काखेखालून वाकून पाहिलं. "अशी पाय पसरून?"

"आरामात आहेत, बाई. घरचंच वातावरण आहे."

मग त्यांना पुढे खोटं बोलवेना. त्यांचा स्वभावच तसा नव्हता. डाग लपवण्यापेक्षा घासून काढणारा माणूस. "बाई," ते म्हणाले, "चूक माझी आहे. जाळी मळलेली वाटली म्हणून मी काढली आणि पॉलिश केलेला पत्रा घातला. पिल्लं घसरली. शिवाय उष्णतेचाही गोंधळ झालाय, मशीन रोज दुपारी बंद राहायचं. त्याचा दोष मी घरच्यांना दिला, पण घर माझंच आहे. मी उद्यापासून क्रेटवर येतो."

डॉक्टरांनी एक पिल्लू हातात घेतलं. बेंबी पाहिली, गुडघे पाहिले, बोटं उलगडून पाहिली. दुसरं घेतलं. तिसरं घेतलं. त्यांच्या भुवया वर जाऊ लागल्या.

"बेंब्या छान मिटल्यात. गुडघ्यांवर लाली नाही. बोटं सरळ," ते म्हणाले. "उष्णता आणि ओलावा दोन्ही उत्तम होते. कुणी सांभाळलं हे?"

डॉक्टर मशीनपाशी गेले. दुपार वर आली होती, पश्चिमेची भिंत तापायला लागली होती. त्यांनी मशीनच्या मागचं झाकण काढून आत पाहिलं, काट्याकडे पाहिलं. काटा हळूहळू, पण न थांबता वर चढत होता.

"तरीच हे स्टोअरमध्ये टाकलं होतं," डॉक्टर म्हणाले. "गारव्यात बरं चालतं. खोली तापली, की आतला उष्णता तोडणारा पॉइंट चिकटतो आणि मग बंद व्हायचं नावच घेत नाही. रोज दुपारी असं चालू राहिलं असतं, तर पिल्लांच्या पायांत काही अर्थच उरला नसता. निघालीच नसती बहुतेक. दुपारी हे कोण बंद करायचं?"

"मी," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. "पण आता नाही हो करणार."

"अहो आजी, तुमच्यामुळेच तर वाचली पिल्लं! बंद असताना तापलेल्या भिंतीचीच ऊब त्यांना पुरली."

"मी फक्त झोपायचे," सासूबाई घाबरून म्हणाल्या.

"आणि पाणी?"

"हे रोज पुसायचे, मी रोज घालायचे," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी चकाचकरावांकडे अशा नजरेने पाहिलं, की कॅशियर तिथे असता, तर त्याच्या टकलाचा सगळा हिशेब चुकता झाला असता.

चकाचकराव मधोमध उभे होते आणि त्यांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता. आपल्याला सगळं ठाऊक होतं. हाडं, उष्णता, ओलावा, गुडघे, सगळं. आणि त्या सगळ्या ज्ञानाने आपण पाण्याची वाटी कोरडी केली आणि पिल्लांना आरशावर उतरवलं. ज्यांना काही म्हणता काही ठाऊक नव्हतं, त्यांतली एक कुठल्याही जिवाला तहान लागू नये म्हणून पाणी घालत राहिली, आणि दुसरी शांतपणे झोपली. त्यांना एकदम भरून आलं. ते सासूबाईंपाशी गेले आणि त्यांचा हात हातात घेतला.

"आई," ते म्हणाले, "तुम्ही झोपलात, हे फार फार बरं केलंत."

सासूबाईंना इतक्या वर्षांत जावयाकडून मिळालेली ही पहिलीच शाबासकी. त्या लाजल्या.

"आणि तू," ते बायकोकडे वळले. तिने त्यांना मध्येच थांबवलं. "असू दे. आधी पिल्लांचं बघा."

"आजच फुटलीत, हाडं मऊ आहेत," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही पाय सरळ धरून मध्ये थोडं अंतर ठेवून बांधायचे. खाली खरखरीत हवं. आठवडाभरात धावतील. चिकटपट्टी आहे का घरात?"

पाळणाघरात दुसरं काही नसलं तरी चिकटपट्टी असतेच. फक्त ती लहान मुलांची, बदकांच्या चित्रांची होती. बायकोने पट्ट्या बारीक कातरल्या, सासूबाईंनी चष्मा लावून पिल्लं धरली, डॉक्टरांनी गुंडाळल्या. मालकीणबाई स्वतः मॅटवर मांडी घालून बसल्या आणि एकेक पिल्लू पदरात घेत गेल्या. चकाचकरावांना फक्त कातरी धरायला दिली होती. (ती त्यांनी नकळत पुसली. बायकोने ती काढून घेतली.) संध्याकाळी पोरांना न्यायला आलेल्या आयांना खोलीच्या कोपऱ्यात, मॅटवर, पायांत बदकांची चित्रं बांधलेली पिल्लं एका रांगेत उभी दिसली. हे पाळणाघर आता सर्वांसाठी खुलं झालं का, असं एकीने विचारलंसुद्धा.

पुढचे काही दिवस त्या खोलीत दोन वर्ग भरले. एका बाजूला पोरं उभं राहायला शिकत, दुसऱ्या बाजूला पिल्लं. कोण कुणाला बघून शिकत होतं ते सांगता येणार नाही. सासूबाई मधोमध खुर्ची टाकून बसत आणि जे कुणी उभं राहील त्याला "शाब्बास!" म्हणत. पट्ट्या काढल्या त्या दिवशी डॉक्टरांनी प्रत्येक पिल्लू उताणं ठेवलं. प्रत्येक टुणकन उठलं. एकच जरासं फेंगडं चालत होतं. मालकीणबाईंनी पहिल्यांदा तेच उचललं, कारण म्हातारीही, म्हणे, तरुणपणी अशीच चालायची.

जाताना त्या दारात थांबल्या. "मशीनरूम तुमची," त्या म्हणाल्या. "दोन अटी. पाण्याचं काही असलं, तर आधी बायकोला विचारायचं. आणि मशीनच्या आतली एकही वस्तू पुसायची नाही."

"नाही पुसणार, बाई."

"फडकं इकडे द्या."

त्यांनी दिलं. खिसा असा हलका झाला, की त्यांना क्षणभर आपण कपडेच घातले नाहीत असं वाटलं.

आता खरं तर गोष्ट इथे संपायची. पण चकाचकरावांचं मन कृतज्ञतेने एवढं भरलं होतं, की ते कुठेतरी सांडणारच होतं. सासूबाई दुसऱ्या दिवशी आपल्या घरी परत जायच्या होत्या. त्यांच्यासाठी काय करावं? साडी घ्यावी, तर रंग चुकणार. भाषण करावं, तर त्यांना फक्त गुडघे ऐकू येणार. शेवटी चकाचकरावांनी विचार केला, जी आपल्याला उत्तम येते तीच कला त्यांच्या चरणी वाहावी. सगळे उठायच्या आत त्यांनी मागच्या खोलीपासून बाहेरच्या दारापर्यंतची बोळासारखी वाट घासली, पुसली, मेण लावलं, आणि जुन्या बनियनने असा हात फिरवला, की छताचा पंखा खाली फिरताना दिसू लागला. सासूबाईंनी या घरातून जाताना राणीसारखं जावं!

सासूबाई उठल्या, तयार झाल्या, पिशवी घेऊन खोलीच्या दारात आल्या, आणि खाली बघून तिथेच थबकल्या. गुडघ्यांनी त्यांना शहाणपण शिकवलं होतं.

"आई, पिशवी मला द्या!" म्हणत चकाचकराव समोरून धावत आले.

पुढचं सगळं पिल्लांसारखंच झालं. एक पाय स्वयंपाकघराकडे गेला, दुसरा पुढच्या खोलीकडे, आणि मधले चकाचकराव खाली आले. मग उताणे झाले. मग तसेच राहिले.

"अहो!" बायको धावली आणि कडेच्या भिंतीला धरून थांबली. "उठता येतंय का?"

"नाही," चकाचकराव छताकडे बघत म्हणाले.

"टुणकन?"

"नाही गं."

ठुमकीला तिची आई नेमकी तेव्हाच सोडायला आली होती. पोरीने आत डोकावून पाहिलं, काहीही न बोलता एक मॅट ओढत आणली, आणि ती त्यांच्या डोक्याशी ठेवून टाळ्या वाजवल्या.

डॉक्टर आले. हे डॉक्टर माणसांचे. जांघेचा स्नायू ताणलाय, घोटे मुरगळलेत, दोन आठवडे पडून राहायचं, घोट्यांना पट्टी बांधायची, असं त्यांनी सांगितलं. घरात होती तीच पट्टी बांधली. बदकांची. मालकीणबाईंनी मशीनरूमची खुर्ची राखून ठेवल्याचा निरोप पाठवला, आणि सोबत, खाली अंथरायला, एक खरबरीत जाळी.

आणि सासूबाईंनी पिशवी पुन्हा सोडली. जावई असा पडलेला असताना जायचं कसं? मागच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीला लागून, जिथे मशीन होतं तिथेच चकाचकरावांची खाट पडली. शेजारी सासूबाईंचा पलंग. जेवणं झाली, पोरं झोपली, दुपार चढली, भिंत तापली. वर पंखा घरघरत होता. त्या वाऱ्यात चकाचकरावांचा डोळा लागत आला होता, इतक्यात बटणाचा खटकन आवाज झाला. पंखा मंदावला, मंदावला आणि थांबला.

"आई," घाम पुसत चकाचकराव म्हणाले, "पंखा चालू असू द्या ना. फार उकडतंय."

"जावईबापू," सासूबाई कुशीवर वळत म्हणाल्या, "मी दुपारी बटण बंद केलं म्हणूनच सगळी पायांवर उभी राहिली, हे विसरलात का? गुपचूप पडा."